मदत हवी आहे : मुलांनी मोबाइलवर घेतलेल्या ओव्या संगणकावर उघडत नाहीत

ग्रामशिक्षिका :
माझ्या सातवीच्या २४ मुलांनी घरोघरच्या आजींकडून जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या आहेत. त्या जोडून शनिवारी पालकांना ऐकवायच्या आहेत; परंतु ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये निम्म्याहून अधिक फाइली उघडतच नाहीत. कृपया लवकर उपाय सांगावा.

ध्वनिवेडा :
फाइलींच्या नावांच्या शेवटी काय आहे? संगणकावर विंडोज आहे का?

निवृत्त मुख्याध्यापक :
पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो. पुढच्या वेळी भिंतीला गोधड्या लावाव्यात आणि मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा.

ग्रामशिक्षिका :
सर, आवाज घुमण्याची अडचण नाही, मुद्रण घरीच झाले आहे. न उघडणाऱ्या फाइली एम४ए आहेत. संगणकावर विंडोज आहे.

ध्वनिवेडा :
हे आधीच लिहायला हवे होते. विंडोजवर ऑडॅसिटीला एम४ए वाचण्यासाठी एफएफएमपेग हे जोड-सॉफ्टवेअर वेगळे बसवावे लागते. ते बसवून ऑडॅसिटी पुन्हा सुरू करा. त्यानंतर ‘नॉइज रिडक्शन’ या नको असलेला आवाज कमी करण्याच्या सुविधेने जात्याची घरघरही काढून टाका.

ओवीप्रेमी :
घरघर काढण्यास माझा ठाम विरोध आहे. ती सुविधा पंख्यासारख्या एकसारख्या आवाजासाठी ठीक आहे. जात्याचा आवाज फेऱ्यागणिक चढतो-उतरतो, त्यामुळे तो पुसताना शब्दही कुरतडले जातात. शिवाय ओवीची लय त्या फेऱ्यावरच बेतलेली असते. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या, त्यांत गाणारीचे नाव आणि गाव यांची नोंद आहे. आपल्या मुलांनीही प्रत्येक ओवीआधी आजीचे नाव आणि गाव स्वतःच्या आवाजात सांगावे.

ध्वनिवेडा :
मागच्या ओळीतल्या पालकांना शब्द कळलेच नाहीत, तर लय राखून काय साधणार?

ओवीप्रेमी :
त्यासाठी मुलांनी ओव्या ऐकून फळ्यावर लिहाव्यात. एकेका शब्दासाठी ती चार-चार वेळा ऐकतील, अडलेला शब्द आजीला विचारून येतील; माझ्या मते खरा अभ्यास तिथेच होतो.

ग्रामशिक्षिका :
एफएफएमपेग बसवल्यावर सर्व फाइली उघडल्या, ध्वनिवेडा यांचे मनापासून आभार. घरघर ठेवत आहे. ओव्या उद्या मुलांकडूनच फळ्यावर लिहून घेईन. दोन आजींनी आपला आवाज चारचौघांत ऐकवू नये असे कळवले आहे, म्हणून त्यांच्या ओव्या वगळून त्यांच्या नातवंडांना इतर ओव्यांच्या प्रस्तावनेचे काम देत आहे.