दुर्मिळ घटनांच्या मागे धावायचं की आधी रोजचं आकाश ओळखायचं?

धागाकर्ता:
बरेच दिवस डोक्यात आहे ते मांडतो, पटलं नाही तर बिनधास्त भांडा. नव्याने आकाश बघायला लागलेले बहुतेक जण हल्ली कुठल्यातरी दुर्मिळ घटनेवरूनच येतात, ग्रहण, धूमकेतू, ग्रहांची रांग, सुपरमून वगैरे, आणि त्या रात्री नेमके ढग आले किंवा धूमकेतू फोटोतल्यासारखा दिसला नाही की परत मान वर करून बघतच नाहीत. माझं म्हणणं एवढंच की दुर्मिळ घटना बघायलाही रोजचं आकाश ओळखीचं लागतं, नाहीतर समोर घडली तरी कळत नाही.

टी कोरोनी बोरिॲलिसचंच घ्या. उत्तर मुकुट या छोट्याशा तारकासमूहातला तारा, साधारण ३००० प्रकाशवर्षं लांब. खरंतर जोडी आहे, एक श्वेत बटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला छोटा, घट्ट गाभा) आणि एक लाल राक्षसी तारा (म्हातारपणी फुगलेला), राक्षसीचा वायू बटूवर साठत जातो आणि थर पुरेसा जाड झाला की त्याचा स्फोट होतो. १८६६ ला झाला, मग १९४६ ला. २०२४ मध्ये होणार म्हणून केवढा गाजावाजा झाला, ते वर्ष कोरडंच गेलं. एरवी हा दहाव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजस्वीपणाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी), म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, स्फोट झाला की दुसऱ्या प्रतीपर्यंत चढतो आणि काही दिवसांतच परत दिसेनासा होतो. आता ज्याला मुकुटाचे नेहमीचे तारे माहीत नाहीत त्याला तिथे एक जास्तीचा आलाय हे कसं कळणार? बातमी पोचेपर्यंत एकदोन रात्री गेलेल्या असतात.

निशाचर:
साफ असहमत. खग्रास सूर्यग्रहणाची तयारी मृग नक्षत्र ओळखून होत नाही. एका ठरावीक जागेवरून खग्रास दिसायला सरासरी पावणेचारशे वर्षं लागतात, म्हणजे घरी बसून वाट बघण्यात अर्थच नाही, सावलीच्या पट्ट्यात जावंच लागतं. आणि "आमच्याकडून ९९ टक्के दिसतंय, पुरे" म्हणणाऱ्यांनी जरा हिशोब करावा. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे ४ लाख पट तेजस्वी आहे, त्याचा १ टक्का उरला म्हणजे ४००० पौर्णिमेचे चंद्र उरले, आणि सूर्याभोवतीचं प्रभामंडल जेमतेम एका पौर्णिमेच्या चंद्राएवढं, मग ते दिसणार कसं? ९९ ला दिवसच असतो, १०० ला भर दुपारी ग्रह दिसायला लागतात. २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये लक्झरजवळ ही अवस्था ६ मिनिटं २३ सेकंद टिकणार आहे. अशा वेळी नवीन माणसाला "आधी तारे पाठ कर" सांगणं मला तरी पटत नाही. बघू दे त्याला, तारे तो नंतर आपोआप शिकेल.

ध्रुवमत्स्य:
धागाकर्त्यांना +१. २०१९ च्या शेवटी मृगातला काक्षी हा ठळक तारा मंदावायला लागला तेव्हा कुणी तारीख जाहीर केली नव्हती. एरवी साधारण अर्ध्या प्रतीचा तारा फेब्रुवारी २०२० पर्यंत १.६ वर उतरला, म्हणजे मृगातल्याच बेलाट्रिक्सएवढा. ताऱ्याने बाहेर फेकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली असं नंतर निष्पन्न झालं. ज्यांना मृग रोज बघायची सवय होती त्यांना काहीतरी बिनसलंय हे नुसत्या डोळ्यांनी कळलं. ही पण दुर्मिळ घटनाच ना?

दुर्बीणवाला:
रोज बघा म्हणजे दिसेल हे मात्र मानणार नाही. तुम्ही टी कोरोनीचं उदाहरण काढलंच आहे तर लेस्ली पेल्टियरचं पण सांगा की. अमेरिकेतला हौशी निरीक्षक, १२ धूमकेतू नावावर, १९२० पासून पंचवीस वर्षं या एका ताऱ्यावर नजर ठेवून होता. फेब्रुवारी १९४६ मध्ये पहाटे अडीचला गजर लावून उठला, सर्दीची कणकण वाटली म्हणून परत झोपला, आणि स्फोट नेमका त्याच रात्री. उलट वेल्समधल्या एका पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलाला तोच स्फोट खोलीच्या खिडकीतून दिसला. पंचवीस वर्षांच्या शिस्तीचं काय झालं मग?

धागाकर्ता:
@दुर्बीणवाला, त्या मुलाचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. त्याला तारा "दिसला" म्हणजे काय, तर मुकुटात हा तारा नेहमी नसतो हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने थेट तिथल्या राजखगोलशास्त्रज्ञांना पत्र लिहिलं. त्या रात्री तोच तारा डोक्यावर घेऊन फिरलेले कितीतरी लोक असतील ज्यांना काहीच वेगळं वाटलं नाही, कारण त्यांना मुकुट माहीत नव्हता. आणि पेल्टियरची पंचवीस वर्षं फुकट गेली असं तर अजिबात नाही, अशा ताऱ्यांच्या स्फोटाआधीच्या वागण्याची माहिती आज आपल्याकडे आहे ती अशा चिकाटीच्या हौशी लोकांच्या नोंदींमुळेच. स्फोट हुकला, काम नाही हुकलं.

@निशाचर, ग्रहणाचं मान्य, तिथे आकडेमोड पक्की असते, सेकंदापर्यंत वेळ कळते. पण सगळ्या घटना तशा नसतात हो. २०१३ मध्ये आयसॉन धूमकेतूला शतकातला धूमकेतू म्हणून डोक्यावर घेतलं, २८ नोव्हेंबरला सूर्याजवळून जाताना तो विस्कटला. त्या एका धूमकेतूवर भिस्त ठेवून आलेल्यांच्या हातात काय राहिलं? ययातीतला अल्गोल दर २ दिवस २१ तासांनी २.१ वरून ३.४ प्रतीपर्यंत उतरतो, पाचएक तास उतरायला, तेवढेच चढायला, कसलं उपकरण नको, आणि एक तारा दुसऱ्याला झाकतोय हे आपण अंगणातून बघत असतो! पण हे नेहमी होतं म्हणून त्याला कुणी विचारत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

निशाचर:
अल्गोल मलाही आवडतो, पण धूमकेतूचा मुद्दा उलटा पण लागू होतो ना. २०२४ चा त्सुचिनशान-ॲटलास सूर्यापर्यंत पोचायच्या आधीच फुटेल असं काही जाणकारांनी म्हटलं होतं, तो टिकला आणि ऑक्टोबरमध्ये नुसत्या डोळ्यांनी दिसला. निराशा होईल म्हणून जायचंच नाही ठरवलं असतं तर तो गेला असता. शिवाय काही गोष्टींना अल्गोलसारखी पुढची फेरी नसते. शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्र सूर्यबिंबासमोरून सरकताना दिसणं, २००४ ला झालं, २०१२ ला झालं, पुढचं डिसेंबर २११७ मध्ये. ते ज्यांनी सोडलं त्यांना आता काय सांगणार? हॅलेचा धूमकेतू तरी २०६१ ला परत येईल.

ध्रुवमत्स्य:
जाता जाता, ग्रहणाचा विषय निघालाय म्हणून. सूर्य पूर्ण झाकलेला असेल तेवढीच मिनिटं उघड्या डोळ्यांनी बघायचं, त्याच्या आधी आणि नंतर खात्रीचा सौर फिल्टर हवाच. काळ्या काचा, एक्सरे फिल्म असलं काही वापरू नका. आणि ग्रहणाचा चष्मा लावून दुर्बिणीतून बघायचं नाही, फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला लागतो.

नवखी:
वाद वाचून मजा आली. मला एकच सांगा, माझ्याकडे दुर्बीण नाही, तर तो टी कोरोनी शोधायला सुरुवात कुठून करू?

धागाकर्ता:
दुर्बीण नकोच. मे-जूनच्या रात्री स्वाती आणि अभिजित हे दोन ठळक तारे शोधा, स्वातीकडून अभिजितकडे निघालात की साधारण एक तृतीयांश वाटेवर अर्धगोल कमान दिसेल, तो उत्तर मुकुट. सगळ्यात तेजस्वी तारा कुठला आणि बाकीचे त्याच्यापेक्षा किती मंद ते डोळ्यांत बसू द्या. टी कोरोनी कमानीच्या जरा बाहेर, कमानीतल्याच एप्सिलॉन नावाच्या ताऱ्याच्या शेजारी आहे, आत्ता ती जागा रिकामीच दिसेल. तीच रिकामी जागा ओळखीची करून ठेवायची. हाच सराव १३ एप्रिल २०२९ ला पण उपयोगी पडेल, अपोफिस लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाणार आहे, जिथून दिसेल तिथे तो तिसऱ्या प्रतीच्या साध्या ताऱ्यासारखा, फक्त सरकणारा. आसपासचे तारे ओळखीचे असतील तर पटकन सापडेल.

निशाचर:
नवखीताई, या ताऱ्याबद्दल ते सांगतायत तसंच करा, इथे माझा वाद नाही. पण २०२७ च्या ग्रहणाला जायची संधी मिळाली तर एकही नक्षत्र येत नसलं तरी जा.