मदत हवी आहे: रक्ताच्या पूर्वपेशी स्वतः चालतात की ऊतीबरोबर वाहत जातात?

नमस्कार,

भ्रूणविकासाच्या जाणकारांकडून मार्गदर्शन हवंय. कोंबडीच्या भ्रूणात प्रिमिटिव्ह स्ट्रीकच्या (सुरुवातीच्या भ्रूणावरची रेघ, जिथून पेशी आत शिरतात) मागच्या भागातून निघून योक सॅककडे (बलकाभोवतीच्या पिशवीकडे) जाणाऱ्या मेसोडर्म (मधल्या थराच्या) पेशींचे टाइम-लॅप्स मी तपासतेय. पुढे यांचीच रक्तबेटं बनतात: आत रक्तपेशी, भोवती वाहिनीचं अस्तर.

अडचण अशी, की पेशी बाहेर सरकताना स्पष्ट दिसतात, पण त्याच वेळी अख्खा ब्लास्टोडर्मही (बलकावरचा भ्रूणाचा पेशीथर) पसरत असतो. मग त्या सरकण्यात पेशीचं स्वतःचं किती? फायब्रोनेक्टिनला (पेशींभोवतीच्या जाळ्यातलं प्रथिन) चमकणारी अँटिबॉडी लावून भोवतालच्या जाळ्याची हालचाल मोजायची आणि ती पेशीच्या हालचालीतून वजा करायची, हा मार्ग माहीत आहे. पण ते जाळं पेशीच विणतात आणि पेशीच ओढतात. मग संदर्भ म्हणून त्यावर कितपत विसंबायचं? शेजारच्या एपिब्लास्टच्या (वरच्या थराच्या) पेशी धरल्या तर जास्त बरं का?

यावर बरंच अवलंबून आहे. उंदरात एफएलके-१ हा व्हीईजीएफचा (रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या संदेश-प्रथिनाचा) रिसेप्टर काढून टाकल्यावर रक्तबेटं आणि वाहिन्या दोन्ही बनत नाहीत, भ्रूण साडेआठ ते साडेनऊ दिवसांच्या दरम्यान दगावतो (१९९५). १९९७ च्या कायमेरा प्रयोगांत (एकाच भ्रूणात साध्या आणि रिसेप्टर नसलेल्या पेशी मिसळून) तर रिसेप्टर नसलेल्या पेशी योक सॅकला पोचल्याच नाहीत, ॲम्निऑनवर (भ्रूणाभोवतीच्या पातळ आवरणावर) साचून राहिल्या. आणि गंमत म्हणजे तशाच मूलपेशी डिशमध्ये वाढवल्या तर त्यांच्यापासून रक्तपेशी बनू शकतात! मला तरी यातून वाटतं, की रिसेप्टरचं मोठं काम पेशीला योग्य जागी पोचवण्याचं आहे, रक्त बनवण्याचं नंतर. पण व्हीईजीएफ दिशा दाखवतं, की पेशीला नुसतं चालतं ठेवतं?

कोंबडीच्या भ्रूणात एफजीएफ-४ चा (हेही एक संदेश-प्रथिन) मणी, म्हणजे त्यात भिजवलेला बारीक मणी, ठेवला की स्ट्रीकमधून निघालेल्या पेशी त्याच्याकडे येतात, एफजीएफ-८ चा ठेवला तर दूर जातात, हे २००२ मध्ये दाखवलं गेलंय. तसाच व्हीईजीएफचा मणी ठेवायचा विचार आहे. पण मण्याजवळ पेशी जमल्या म्हणून त्या ओढल्याच गेल्या असं कसं म्हणू? तिथे त्या जास्त जगल्या असतील, जास्त विभागल्या असतील. प्रत्येक पेशीचा वेग आणि मण्याकडचा कल वेगवेगळा मोजला तर पुरेल, की विभाजन थांबवून तुलना करावीच लागेल? विभाजन थांबवणारं औषध दिलं तर ब्लास्टोडर्मचं पसरणंही बिघडेल, ही भीती आहे.

कुणी असे ट्रॅक मोजले असतील तर कृपया सविस्तर लिहा.