शंकूच्या सावलीवरून वर्षाचा अपूर्णांक कसा काढत?

प्रश्न
शंकूची, म्हणजे जमिनीत उभ्या रोवलेल्या सरळ खुंटाची, मध्यान्हीची सावली रोज मापायची, सर्वांत लांब सावलीचा दिवस म्हणजे हिवाळी अयनदिन, आणि दोन अयनदिनांमधले दिवस म्हणजे वर्ष, इथपर्यंत कळतं. पण अयनदिनाच्या आसपास सावली जवळजवळ हलतच नाही. मग 365 च्या पुढचे तास-मिनिटं कुठून आली?

उत्तर 1
शंका रास्त आहे. 2 मीटरचा शंकू घ्या आणि अयनदिनी दुपारी सूर्य 45 अंशांवर येतो अशी जागा धरा. अयनदिन आणि त्याचा आदला दिवस यांच्या सावल्यांत फरक जेमतेम पाव मिलिमीटर. सूर्यबिंब अर्धा अंश रुंद असल्यामुळे सावलीचं टोक मात्र साडेतीन सेंटिमीटरहून जास्त पुसट. शंकू उंच केला तर फरक वाढतो, पण पुसटपणाही त्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे सर्वांत लांब सावली शोधत बसलात तर चार-पाच दिवसांची चूक सहज होते.

म्हणून सावली झपाट्याने बदलत असते तेव्हा मापायचं. अयनदिनाच्या 40 दिवस आधी हीच सावली रोज सुमारे दीड सेंटिमीटर सरकते. तिथे खूण करायची, अयनदिन उलटल्यावर सावली त्याच खुणेवर परत कधी येते ते पाहायचं आणि मधला काळ निम्मा करायचा. सावली बरोब्बर खुणेवर क्वचितच येते. एका दुपारी ती खुणेबाहेर असते, दुसऱ्या दुपारी आत. मग त्रैराशिक मांडायचं, आणि दिवसाचा अपूर्णांक मिळतो तो इथेच.

चीनमध्ये झू चोंगझी या खगोलज्ञाने इ.स. 461 मध्ये असंच केलं. चीनी मापात 8 एककं उंच शंकूची सावली आधी 10.7750 होती. 45 दिवसांनी ती 10.8175 भरली आणि दुसऱ्या दिवशी 10.7508. म्हणजे तीच लांबी 45.64 दिवसांनी आली; निम्मे 22.82 दिवस, म्हणजे पहिल्या मापानंतर इतक्या दिवसांनी अयनक्षण. त्याचं वर्ष 365.2428 दिवसांचं आहे, आजचं मान 365.2422.

सूर्याची गती वर्षभर सारखी नसल्याने हा मध्य खऱ्या अयनक्षणापासून किंचित हलतो. पण दर वर्षी जवळपास तेवढाच हलतो, त्यामुळे वर्षाच्या लांबीत ती चूक उतरत नाही.

शंकू ओळंब्याने उभा करा आणि जमीन पाण्याने समपातळीत आणा. उत्तर-दक्षिण रेषेसाठी शंकूभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळात शिरतं आणि दुपारनंतर बाहेर पडतं, ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा; तिला काटकोनात उत्तर-दक्षिण.

उत्तर 2
वरच्या उत्तरात एक महत्त्वाची गोष्ट राहिली: लांब कालावधी. शंभर वर्षांच्या अंतरावरचे दोन अयनदिन घेतले आणि एकूण चूक एका दिवसाची झाली, तर वर्षामागे ती 14-15 मिनिटंच उरते. ग्रीक खगोलज्ञ हिप्पार्कसने आधीच्या ग्रीक खगोलज्ञ अ‍ॅरिस्टार्कसचा इ.स.पू. 280 मधला अयनदिन आणि स्वतःचा इ.स.पू. 135 मधला अयनदिन यांची तुलना केली. मध्ये 145 वर्षं. 365¼ दिवसांच्या हिशेबापेक्षा अयनदिन सुमारे अर्धा दिवस लवकर आला होता. म्हणून त्याने वर्षातून दिवसाचा 1/300 भाग वजा केला: 365 दिवस 5 तास 55 मिनिटं. खऱ्या मानापेक्षा साडेसहा मिनिटं जास्त. मात्र यासाठी दिवसांची अखंड मोजणी हवी. मध्ये एक दिवस गळला तर सगळी मेहनत फुकट. इजिप्तचं 365 दिवसांचं, लीप दिवस नसलेलं वर्ष खगोलज्ञांना इतकं सोयीचं वाटायचं ते यामुळेच.

प्रश्नकर्ता
ताऱ्यांवरून मोजलं तर सोपं नाही का? व्याध पहाटे पुन्हा दिसू लागतो तो दिवस धरायचा.

उत्तर 3
सुरुवातीला सोपं आहे. क्षितिजाजवळच्या धुरकटपणामुळे तो दिवस मागेपुढे होतो, पण ही चूक साचत जात नाही, बऱ्याच वर्षांत वाटली जाते. लक्षात हे ठेवायचं की ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेलं नाक्षत्र वर्ष आणि अयनदिनांवरून मिळणारं सायन वर्ष वेगळी आहेत. संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाची दिशा हळूहळू फिरत असल्यामुळे, नाक्षत्र वर्ष सुमारे 20 मिनिटांनी मोठं असतं. 70-71 वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. आर्यभटाचं वर्ष 365 दिवस 6 तास 12 मिनिटं 30 सेकंदांचं. ते सायन वर्षाशी ताडून 24 मिनिटं चुकीचं ठरवणारे बरेच भेटतात, आणि ही तुलनाच गैर आहे. ते नाक्षत्र वर्षाशी, म्हणजे 365 दिवस 6 तास 9 मिनिटं 10 सेकंदांशी ताडायला हवं. तेव्हा फरक उरतो 3 मिनिटं 20 सेकंद.