कोनन: तलवारबाज म्हणून मोठा, की राजा म्हणून?

म्हापसेकर
कोनन हा गोष्टींतला रानटी योद्धा, त्याचं नाव काढलं की लोकांना उघडे दंड, तलवार आणि राक्षस एवढंच आठवतं. पण त्याचा लेखक रॉबर्ट हॉवर्ड, त्याची पहिली छापून आलेली कोननकथा, डिसेंबर १९३२, 'वियर्ड टेल्स' मासिक, त्यात हा माणूस ऑलरेडी अ‍ॅक्विलोनिया या काल्पनिक देशाचा राजा आहे, चोर, समुद्री चाचा, भाडोत्री सैनिक हे सगळं लेखकाने नंतर मागे जाऊन छापून आणलं, तेसुद्धा उलटसुलट क्रमाने. माझ्या मते त्याचा खरा कस लागतो तो गादीवरच. नुमेडिडीस या जुलमी राजाला कोननने मारलं तेव्हा लोकांनी ह्याला डोक्यावर घेतलं, आणि पुढे तेच लोक देवळात त्या मेलेल्या राजाचा पुतळा उभा करून रडायला लागले, का तर रिनाल्डो नावाच्या कवीची गाणी! मित्र म्हणतो टांगा त्याला, आणि हा रानटी समजला जाणारा माणूस म्हणतो नाही, मोठा कवी राजाहून मोठा, मी मेलो की लोक विसरतील, त्याची गाणी राहतील. असा राजा मला तरी दुसऱ्या कुठल्या तलवारबाजाच्या गोष्टीत भेटलेला नाही.

डिचोलीवाला
म्हापसेकरबाब, पुढचं पण सांगा की. तोच कवी रात्री कटवाल्यांबरोबर महालात घुसतो, कोनन त्याला परत जा म्हणतो, तो ऐकत नाही, सुरा अंगात घुसल्यावर मग कोनन त्याला मारतो. म्हणजे प्रश्न शेवटी तलवारीनेच सुटला, मग राज्यकारभार कुठे दिसला? दुसऱ्या गोष्टीत राजा कैदेत, तिसरी गोष्ट म्हणजे मोठी कादंबरी, तिच्यात तर गादीच जाते आणि हा देशोदेशी भटकतो. लेखकाला त्याला खुर्चीवर बसवून ठेवायचंच नाहीये. मुळात ती पहिली गोष्ट हॉवर्डच्याच कल नावाच्या दुसऱ्या राजाची, ती विकली गेली नाही म्हणून जादू घालून कोननच्या नावाने परत लिहिली.

पेडण्याचा वाचक
डिचोलीवाले, आमच्या जत्रेतल्या दशावतारात राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा नट, उभा राहतो तो भाषणावर, युद्ध तर सगळेच करतात. कोननचं भाषण त्या कैदेत आहे. साखळ्यांत बांधलेला, समोर दोन राजे, सोनं घे आणि राज्य सोड म्हणतात, आणि तो सुनावतो की मी आलो तेव्हा सरदारांच्या भांडणात आणि करांखाली रयत रडत होती, आज कुठल्या सरदाराची गरिबाला हात लावायची हिंमत नाही आणि जगात सगळ्यात हलके कर माझ्याकडे. आणि सोनं घेत नाही. अजून काय कारभार पाहिजे?

मडगावची वाचक
स्वतःच्या राज्याबद्दल राजा स्वतः बोलला, तो पुरावा कसा होईल हो? मला दुसरी गोष्ट जास्त सलते. ह्याच जगातली दक्षिणेकडची काळी माणसं हॉवर्डने ज्या नजरेने रंगवलीत ते वाचून वाईट वाटतं. गरिबाला हात न लावणारा राजा, पण माणूस म्हणून मोजायचं कोणाला हे लेखकाने आधीच ठरवलेलं.

म्हापसेकर
बाय, तो वर्णद्वेष आहेच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण १९३५-३६ मध्ये क्रमशः आलेल्या त्या कादंबरीत सरदार ट्रोसेरो त्याला शेजारचा मुलूख जिंकूया म्हणतो आणि कोनन नको म्हणतो. रयतेच्या मदतीने गादी घेऊन त्यांच्या संमतीने राज्य करणं वेगळं, परक्या देशाला दाबून भीतीवर राज्य करणं वेगळं, असं त्याचं म्हणणं. हे छापून आलं तेव्हा आपला गोवा पोर्तुगीजांच्याच ताब्यात होता आणि १९६१ पर्यंत राहिला, त्यामुळे हा फरक मला नुसता गोष्टीतला वाटत नाही.

डिचोलीवाला
वाक्य चांगलंच आहे, पण मार्च १९३६ चं हॉवर्डचं पत्र वाचा. त्यात तो म्हणतो गादी घेतली तेव्हा कोनन साधारण चाळिशीचा, आणि पुढे स्वतःच्या बचावासाठी त्याला दुसऱ्यांवर चढाया कराव्या लागल्या असाव्यात, साम्राज्य उभारलं की त्यातच संपला ते मला माहीत नाही. म्हणजे लेखकालाच खात्री नव्हती की हा माणूस आपल्या शब्दावर टिकला.

पेडण्याचा वाचक
त्याच वर्षी जूनमध्ये हॉवर्ड गेला, वय फक्त ३०. न लिहिलेल्या चढायांसाठी कोननला दोषी धरायचं असेल तर धरा, मी लिहिलेल्या राजाबद्दल बोलतोय.