डेटा प्लॅनच्या सक्तीमुळे स्मार्टफोन सोडायचा विचार आहे, काय काय अडेल? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आधी माझा फोनचा वापर सांगते, म्हणजे प्रश्न लक्षात येईल. दिवसाला थोडेफार कॉल, अधूनमधून एसएमएस आणि व्हॉट्सॲप. घरी वाय-फाय आहे, कामाच्या ठिकाणीही आहे. या दोन्हींच्या मधल्या वेळात फोन पर्समधून बाहेर येतो तो कुणाचा कॉल आला तरच. सेटिंग्जमध्ये मोबाइल डेटाच्या वापराचा आलेख असतो ना, त्यातली माझी रेघ महिनाभर तळाला चिकटलेली असते. आणि बिलात मात्र सगळ्यात मोठा आकडा त्या डेटाचाच.

कंपनीला फोन करून सांगितलं, डेटा काढून टाका, कॉल आणि एसएमएस तेवढे ठेवा. उत्तर आलं, स्मार्टफोन असेल तर डेटा प्लॅन घ्यावाच लागतो. मी म्हटलं, मोबाइल डेटा सेटिंगमधून बंदच असतो. त्यावर, 'मॅडम, त्याचा संबंध नाही, हँडसेट कुठला आहे ते बघितलं जातं.' मग एका मैत्रिणीकडे पडून असलेला स्मार्टफोन आणला. तो ना कंपनीकडून घेतलेला, ना त्यावर कसला करार. त्यात सिम घातलं, तर संध्याकाळच्या आत मेसेज आला: आपल्या खात्यावर डेटा प्लॅन सुरू करण्यात आला आहे. मला कुणी विचारलंही नव्हतं. न मागितलेली वस्तू पिशवीत टाकून तिचे पैसे लावावेत, तसा हा प्रकार आहे आणि त्याचा मला मनापासून राग आला आहे.

पैसे परवडत नाहीत अशातला भाग नाही, पण उगाच जातात हे दर महिन्याला टोचतं. वर्षाची बेरीज केली तर त्यात चांगला बटणांचा फोन येऊन पैसे उरतात. तेव्हा सरळ साधा फोन घ्यावा आणि हा विषय संपवावा असं मनात आहे.

अडचण कॉलची नाहीच. अडचण आहे ती फोनला चिकटलेल्या बाकी सगळ्या गोष्टींची. बँकेचं ॲप आहे. कामाच्या ईमेलमध्ये शिरताना सहा आकडी कोड लागतो, तो फोनवरच्या एका ॲपमध्ये दिसतो. मुलीच्या शाळेच्या सूचना व्हॉट्सॲप ग्रुपवरच येतात, दुसरीकडे कुठेच नाही. अनोळखी भागात जायचं तर नकाशा लागतो. नावं-नंबर भरपूर आहेत आणि बरीचशी देवनागरीत साठवलेली आहेत, ती साध्या फोनमध्ये कशी न्यायची? आणि साधा फोन घेताना नेमकं काय बघायचं? कपाटात एक जुना बटणांचा फोन आहे, चार्ज केला की सुरू होतो. तोच चालेल का?

ज्यांनी हे खरोखर केलंय त्यांनी लिहा. 'आजकाल स्मार्टफोनशिवाय जमत नाही' हे ऐकून झालंय.

प्रतिसाद १

कंपनीला कसं कळतं ते आधी सांगतो. प्रत्येक हँडसेटला १५ आकडी आयएमईआय क्रमांक असतो. *#०६# दाबून बघा, लगेच दिसेल. त्यातले पहिले ८ आकडे फोनचं मॉडेल सांगतात. फोन नेटवर्कला जोडला जाताना हा क्रमांक कंपनीकडे जातो, त्यामुळे फोन कुठून आणला याने काही फरक पडत नाही. मैत्रिणीच्या फोनच्या बाबतीत तेच झालं.

ही पद्धत नवी नाही. अमेरिकेत एटी अँड टी या मोबाइल कंपनीने २००९ साली नव्याने स्मार्टफोन घेणाऱ्या ग्राहकांना डेटा प्लॅन सक्तीचा केला होता. उलट बाजूचं उदाहरणही आहे. भारतात ट्राय या दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये नियमात दुरुस्ती करून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे प्लॅन ठेवायला लावले आणि त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये तसे प्लॅन आलेही. म्हणून फोन सोडण्याआधी तुमच्याकडच्या दूरसंचार नियामकाचे नियम एकदा बघाच. कॉल सेंटरवरच्या माणसाला असे प्लॅन माहीत नसतात किंवा तो आपणहून सांगत नाही. लेखी विचारा, लेखी उत्तर मागा. न विचारता सुरू केलेल्या प्लॅनची तक्रार तर नक्की करा, ती बाब वेगळीच आहे.

प्रतिसाद २

कपाटातल्या फोनवर विसंबू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. तो २जी किंवा ३जीचा असणार आणि ही नेटवर्क ठिकठिकाणी बंद होत चालली आहेत. जपानमध्ये २जी २०१२ पर्यंत संपलं होतं. अमेरिकेत एटी अँड टीने २०१७ च्या सुरुवातीला २जी आणि २०२२ मध्ये ३जी बंद केलं. ऑस्ट्रेलियात ३जी २०२४ मध्ये गेलं. चार्ज होतो, सुरू होतो, पण नेटवर्कच नसेल तर तो फोन नुसता गजर लावायला उरतो.

त्यामुळे बटणांचाच पण ४जीचा फोन घ्या आणि त्यात व्होल्टे आहे ना ते बघा. ४जीवर कॉल जातो तो व्होल्टेमधून. ते नसेल तर फोन कॉलसाठी २जी-३जी शोधत बसतो. खोक्यावर व्होल्टे लिहिलेलं पुरेसं नाही. तुमच्या कंपनीच्या नेटवर्कवर त्या मॉडेलचं व्होल्टे चालतं का, हे कंपनीकडून पक्कं करून घ्या. काही कंपन्या मंजूर मॉडेलांची यादीच ठेवतात. लोक इथेच फसतात. शिवाय बाहेरून आणलेल्या फोनचे बँड, म्हणजे तो पकडतो त्या लहरींचे पट्टे, कधीकधी नेटवर्कशी जुळत नाहीत.

आणि एक, व्होल्टेचा कॉल इंटरनेटच्याच पद्धतीने जात असला तरी तो तुमच्या डेटातून कापला जात नाही. मोबाइल डेटा बंद असतानाही तो लागतो. 'व्होल्टे हवं म्हणजे डेटा प्लॅन घ्या' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

प्रतिसाद ३

ताई, मी हे केलंय आणि मागे वळून बघितलेलं नाही. पण मी स्मार्टफोन टाकून दिला नाही, त्यातलं सिम काढलं.

फोन, नंबर आणि इंटरनेट या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एकाच डबीत येतात म्हणून त्या एकच वाटतात. नंबर बटणांच्या फोनमध्ये घाला, कंपनीला तोच आयएमईआय दिसेल. स्मार्टफोन बिनसिमचा, घरच्या वाय-फायवर ठेवा. तुमच्या देशात सिम त्याच फोनमध्ये असण्याची सक्ती नसेल तर व्हॉट्सॲप त्यावर चालू राहतं, कारण एरवी त्याला नंबर लागतो तो नोंदणीपुरता. पुन्हा कधी नोंदणी करायची वेळ आली तर कोड बटणांच्या फोनवर एसएमएसने येतो आणि तो बघून स्मार्टफोनमध्ये टाकायचा. संगणकावर व्हॉट्सॲप जोडून ठेवलं तर कामाच्या ठिकाणी शाळेच्या सूचना तिथे दिसतील. मुख्य फोन मात्र अधूनमधून वाय-फायवर सुरू करत जा. १४ दिवसांपेक्षा जास्त काळ तो वापरला नाही तर जोडलेली उपकरणं बाहेर पडतात.

बटणांच्या फोनमध्येच व्हॉट्सॲप मिळेल या आशेवर काई-ओएसचा (बटणांच्या काही फोनमध्ये असते ती प्रणाली) फोन घेऊ नका. त्यावरचं व्हॉट्सॲप बंद झालंय, दुकानात अजून जुनं सांगतात.

नकाशाचं सोपं आहे. जीपीएसला इंटरनेट लागतच नाही, फोन उपग्रहांचे संकेत थेट घेतो. लागतो तो फक्त नकाशा, आणि तो वाय-फायवर आधी उतरवून ठेवता येतो. गूगल मॅप्समध्ये ती सोय आहे. ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँडमध्ये तर आख्खा प्रदेश उतरवता येतो आणि रस्ताही नेटशिवाय काढून मिळतो. नेट नसताना ठिकाण सापडायला जरा वेळ लागतो. उघड्यावर उभं राहून थोडं थांबायचं. रस्त्यावरची गर्दी तेवढी कळत नाही.

प्रतिसाद ४

दुसरी बाजूही सांगते. अपघात किंवा तब्येतीचा प्रसंग आला आणि आपत्कालीन क्रमांक लावला, तर कित्येक देशांत स्मार्टफोन तुमचं ठिकाण आपोआप कळवतो. साधा फोन हे करत नाही, टॉवरवरून जो काही अंदाज येईल तेवढाच. तुम्ही एकट्या लांब प्रवास करत असाल तर याचा विचार करा. बिनसिमचा स्मार्टफोन सोबत असला तरी त्यावर भिस्त ठेवू नका, कारण सिमशिवाय आपत्कालीन कॉल लागण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. मी माझ्या आईसाठी हा विचार केला होता आणि याच कारणाने तिचा फोन बदलला नाही.

प्रतिसाद ५

कामाच्या ईमेलच्या कोडची काळजी सोडा. दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड असेल तर त्याला नेटही लागत नाही आणि सिमही नाही. नोंदणीच्या वेळी क्यूआर कोडमधून एक गुप्त किल्ली फोनमध्ये येते. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांच्यावरून फोन स्वतःच कोड काढतो. म्हणूनच विमानातही तो चालतो. वाय-फायवरच्या फोनवर राहू द्या, किंवा कीपासएक्ससीसारख्या प्रोग्रामने संगणकावर ठेवा. फोनची वेळ बरोबर आहे ना तेवढं बघा. राखीव कोड छापून घरात ठेवा. फोन फॉर्मॅट करायचा असेल तर आधी किल्ल्या हलवा आणि दुसरीकडे कोड चालतोय याची खात्री करूनच पुसा.

बँकेचं मात्र खरंच अवघड आहे. काही बँकांचं ॲप नोंदवलेलं सिम त्याच हँडसेटमध्ये आहे का ते तपासतं. तसं असेल तर बिनसिमच्या फोनवर ते चालणार नाही. संगणकावरून नेटबँकिंग आणि एसएमएसने ओटीपी एवढं मिळत असेल तर बटणांचा फोन पुरतो. काही बँका छोटं कोड यंत्र देतात, पण मागितल्याशिवाय त्याचा उल्लेखही करत नाहीत. शाखेत जाऊन विचारा. हे कळेपर्यंत काही बदलू नका.

प्रतिसाद ६

नावं-नंबरांसाठी: सिमवर कॉपी करू नका. सिममध्ये जागा मोजकी, नाव तोकडं, आणि देवनागरी नाव तर आणखी लवकर कापलं जातं. 'सुलभा मावशी' आणि 'सुलभा काकू' दोन्ही नुसत्या 'सुलभा' होऊन बसतात. सगळे संपर्क एका व्हीसीएफ फाइलमध्ये काढा आणि ब्लूटूथने किंवा मेमरी कार्डवरून नव्या फोनमध्ये घ्या. घेण्याआधी त्या फोनवर देवनागरी नीट दिसते का ते दुकानातच बघा. काहींत नुसते चौकोन येतात.

मराठीत एसएमएस पाठवणार असाल तर हेही लक्षात घ्या. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. आणि त्या ७० मध्ये काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजलं जातं. तुमच्या प्लॅनमध्ये एसएमएस मोजून मिळत असतील तर एक साधा निरोपसुद्धा दोन-तीन खाऊन टाकतो.

जुना फोन आयफोन असेल तर सिम काढण्याआधी आयमेसेज (ॲपलची स्वतःची मेसेज सेवा) बंद करा. नाहीतर दुसऱ्या आयफोनवाल्यांचे मेसेज जुन्याच फोनकडे जात राहतात आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

फोन टाकायचाच असं डोक्यात होतं, पण सिम काढून तो घरी ठेवायचा हे पटलं. शाळेचा ग्रुप आणि ईमेलचा कोड त्यानेच सुटतोय. नकाशा आजच उतरवला आणि मोबाइल डेटा बंद करून गच्चीवर जाऊन बघितलं. निळा ठिपका यायला वेळ लागला, पण आला तो अगदी आमच्या इमारतीवर. प्रतिसाद ४ मधला मुद्दा गंभीर आहे. मी एकटी लांब फारशी जात नाही, त्यामुळे माझ्यापुरता तो धोका मला चालेल. माझ्या जागी दुसरं कुणी असेल तर त्यांनी तो प्रतिसाद दोनदा वाचावा.

कंपनीला लेखी पत्र पाठवलंय: न विचारता सुरू केलेला प्लॅन रद्द करा, त्याचे पैसे परत करा, आणि फक्त कॉल-एसएमएसचा प्लॅन आहे की नाही ते लेखी कळवा. असा प्लॅन मिळालाच तर स्मार्टफोनमध्येच सिम राहील. माझं भांडण फोनशी नाहीच. मात्र डेटाचे पैसे मी यापुढे देणार नाही.

बँकेत सोमवारी जाते. कोड यंत्र मागितल्यावर 'ॲपच वापरा' असं सांगून कुणाची बोळवण झाली असेल आणि तरी पाठपुरावा करून ते मिळालं असेल, तर अर्ज कुणाच्या नावे आणि कोणत्या शब्दांत केला ते कृपया इथे लिहा. सोमवारच्या आत मिळालं तर फार बरं होईल.