स्पायडरमॅनशिवाय त्याचे खलनायक: मावसभावाला सोनीचे कोणते चित्रपट दाखवू?

होममैदान_सोलापूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला बार्शीहून माझा मावसभाऊ राहायला येतोय. नववीत आहे. स्पायडरमॅनचं वेड आहेच, पण त्याच्यापेक्षा त्याच्याशी लढणारे याला जास्त आवडतात. डॉक्टर ऑक्टोपसचे यांत्रिक हात पाठीला कुठे जोडलेत ते वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवतो. आता हट्ट धरलाय की सोनीने खलनायकांवर आणि बाजूच्या पात्रांवर काढलेले सगळे चित्रपट ओळीने बघायचे. म्हणजे २०१८चा ‘व्हेनम’, २०२१चा ‘लेट देअर बी कार्नेज’, २०२२चा ‘मॉर्बियस’ आणि २०२४ या एकाच वर्षात आलेले ‘मॅडम वेब’, ‘व्हेनम: द लास्ट डान्स’ आणि ‘क्रेव्हन द हंटर’.

मी सगळे बघितलेत. पहिला ‘व्हेनम’ मनापासून आवडला, अजूनही लागला की बसून बघतो. ‘क्रेव्हन’ संपल्यावर मात्र शेजारच्या मित्राशी बोलायला काही सुचेना. एकच कंपनी, पात्रं एकाच कॉमिक्समधली, नट चांगले, पैसाही भरपूर. मग असं का झालं? आणि भावाचा पहिला प्रश्न हाच असणार, की यात स्पायडरमॅन कुठाय? त्याला नीट उत्तर द्यायचंय. ‘मोठ्यांचे व्यवहार असतात’ असं सांगून गप्प बसवायचं नाही.

विजापूरवेस

व्यवहाराचंच आधी सांगतो, कारण ते समजलं की निम्मं कोडं सुटतं.

१९९६ मध्ये मार्व्हलचं, म्हणजे स्पायडरमॅनचे कॉमिक्स काढणाऱ्या कंपनीचं, दिवाळं निघालं होतं. त्या काळात त्यांनी एकेका पात्राचे चित्रपटाचे हक्क वेगवेगळ्या स्टुडिओंना विकले. स्पायडरमॅन सोनीकडे गेला तो एकटा नाही, त्याच्या गोष्टीतली सगळी माणसं घेऊन गेला. २००९ मध्ये डिस्नेने मार्व्हल विकत घेतली तरी ते हक्क सोनीकडेच राहिले. २०१४च्या ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या दुसऱ्या भागाच्या वेळी सोनीने सहा खलनायकांच्या टोळीचा ‘सिनिस्टर सिक्स’ काढायचं ठरवलं होतं. ड्रू गोडार्ड दिग्दर्शन करणार होता. ते बारगळलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये सोनी आणि मार्व्हलचा करार झाला, स्पायडरमॅन म्हणून टॉम हॉलंड आला आणि २०१६ मध्ये मार्व्हलच्या चित्रपटात दिसला. म्हणजे नायक तिकडच्या गोष्टीत रमला आणि सोनीच्या हातात उरली बाकीची मंडळी. त्यांच्यावर स्वतंत्र चित्रपट काढायचे, असं ठरलं.

पहिल्या ‘व्हेनम’ने जगभरात साधारण ८५ कोटी डॉलर मिळवले. तिथेच सोनीला वाटलं असणार की लोकांना नायक नसला तरी चालतोय. पुढचे दोन व्हेनम ५० कोटींच्या आसपास राहिले. ‘मॉर्बियस’ १६-१७ कोटी, ‘मॅडम वेब’ १० कोटी, ‘क्रेव्हन’ जेमतेम ६ कोटी, आणि त्याचा खर्चच याहून कितीतरी जास्त होता. ‘मॉर्बियस’ची तर नेटवर एवढी टिंगल झाली की नाव सगळीकडे पोचलं. ते बघून जून २०२२ मध्ये अमेरिकेत तो हजारावर पडद्यांवर पुन्हा लावला. कोणी फिरकलं नाही.

पाच्छापेठ_अण्णा

विजापूरवेस यांनी हिशेब चोख मांडलाय. पण पोरगं विचारायलंय की चित्रपट का पडले, आणि त्याचं उत्तर पैशात नाही. जरा लांबण लागेल.

आमचं घर पद्मशाली, घरात तेलुगू. वडील मागावर होते. एन. टी. रामाराव यांचा १९७७चा ‘दानवीर शूर कर्ण’ हा त्यांचा देव. जवळजवळ चार तासांचा चित्रपट, आणि त्यात रामाराव यांनी तीन भूमिका केल्यात: कर्ण, दुर्योधन आणि कृष्ण. दिग्दर्शनही त्यांचंच. भर रंगमंडपात कर्णाचं कूळ काढतात तेव्हा दुर्योधन उभा राहतो आणि तुमची कुळं कुठली ते एकेकाला विचारतो. ते सगळं भाषण वडिलांना पाठ होतं. मागाच्या खडखडाटात म्हणायचे, मोठ्यानं, आणि शेजारच्या मागावरचे काका पुढची ओळ टाकायचे. दुर्योधनाला त्यात प्रेमाचं गाणंसुद्धा आहे. खलनायकाला एवढा मान दिलेला चित्रपट मी दुसरा बघितला नाही.

पण नीट बघ, रामाराव यांनी समोरच्यांना काढून टाकलेलं नाही. पांडव आहेत, भीष्म-द्रोण आहेत, कृष्ण आहे, आणि तो कृष्णही त्यांनी स्वतःच केला. दुर्योधनाचा राग कुणावर आहे ते प्रत्येक प्रसंगात समोर उभं दिसतं, म्हणून तो राग आपल्याला पटतो. सोनीने इथेच घात केला. राग ठेवला आणि ज्याच्यावर राग आहे तो माणूसच काढून घेतला.

क्रेव्हनचं घे. १९६४ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी तो आणला. शिकारी आहे, जगातलं सगळं मारून झालंय, आता एकच सावज उरलंय, स्पायडरमॅन. १९८७ मध्ये जे. एम. डीमॅटिस यांनी लिहिलेली आणि माइक झेक यांनी चितारलेली ‘क्रेव्हन्स लास्ट हंट’ ही सहा अंकांची गोष्ट आहे. त्यात तो स्पायडरमॅनला गोळी घालून जिवंत पुरतो आणि त्याचाच पोशाख चढवून शहरात फिरतो. कशासाठी? तर मी त्याच्याहून सरस आहे हे स्वतःला पटवायला. ते पटलं की त्याच्या जगण्यात काही उरतच नाही, आणि शेवट फार भयाण आहे. धाकट्याला आत्ता देऊ नकोस, तू मात्र वाच. आता यातून स्पायडरमॅन वजा कर. काय उरलं? सिंहासारखं बळ आलेला एक तगडा गडी आणि त्याचं बापाशी भांडण. रसेल क्रोसारखा नट बाप झालाय, तरी त्या भांडणात धग नाही.

‘मॅडम वेब’मध्ये तर कमाल आहे. स्पायडरमॅनचा काका बेन पार्कर आहे, त्याची गरोदर वहिनी मेरी आहे, शेवटी बाळही होतं. पण बाळाचं नाव अख्ख्या चित्रपटात कुणी घेत नाही! बारशाआधीच्या कार्यक्रमात नाव ओळखायचा खेळ चाललाय, आणि आपल्याला माहीत असलेलं नाव लेखक काही उच्चारू देत नाहीत. ते बघताना मला त्या नटांची दया आली.

मग पहिला ‘व्हेनम’ का चालला? मला वाटतं, त्याचा विरोधक त्याच्या अंगातच होता. एडी ब्रॉक आणि तो परका जीव एकाच शरीरात भांडतात. हा म्हणतो माणसं खायची नाहीत, तो म्हणतो भूक लागलीय. टॉम हार्डीने दोन्ही आवाज स्वतः दिलेत. व्हेनमचे संवाद आधी मुद्रित करून सेटवर त्याच्या कानात वाजवायचे आणि तो एडी म्हणून उत्तर द्यायचा. हॉटेलात लॉब्स्टरच्या टाकीत जाऊन बसतो तो प्रकारही हार्डीचाच. दोन माणसांचा संसार आहे तो, भांडणासकट. म्हणून तीनही व्हेनममध्ये कथा कितीही पातळ झाली तरी त्या दोघांचं बोलणं ऐकावंसं वाटतं. रामाराव यांनी दोन्ही बाजू स्वतः केल्या, हार्डीनेही केल्या. मला हे नातं फार जवळचं वाटतं.

रंगपेटी

अण्णा, नमस्कार. तुमचं क्रेव्हनबद्दलचं सगळं मान्य, पण एका ठिकाणी अडते. २०१९चा ‘जोकर’ बघा. त्यात बॅटमॅन नाही, पुढे बॅटमॅन होणारा ब्रूस वेन अजून लहान मुलगा आहे. तरी त्या चित्रपटाने १०० कोटी डॉलरच्या वर मजल मारली आणि वाकीन फिनिक्सला ऑस्कर मिळालं. म्हणजे नायक नसला तर खलनायकाची गोष्ट उभी राहत नाही, असं म्हणता येत नाही.

मला वाटतं सोनीने आपल्या माणसांना वाईट होऊच दिलं नाही. मॉर्बियस बघा. रक्ताच्या दुर्धर आजाराने पिचलेला डॉक्टर, स्वतःवर वटवाघळांचा प्रयोग करतो आणि रक्तपिपासू होतो. किती भयंकर, किती करुण गोष्ट आहे ही! १९७१ मध्ये अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या आचारसंहितेने रक्तपिपासूंवरची बंदी उठवली आणि त्याच वर्षी रॉय थॉमस आणि गिल केन यांनी मॉर्बियस आणला. चित्रपटात सुरुवातीला जहाजावर तो भाडोत्री सैनिकांना मारतो तेवढंच. नंतर कृत्रिम रक्त पीत राहतो आणि सगळं पाप त्याच्या मित्राच्या, मायलोच्या अंगावर ढकललं जातं. जवळपास प्रत्येक चित्रपटात हेच. व्हेनमसमोर रायट, मग कार्नेज. आपला खलनायक चांगला दिसावा म्हणून त्याच्याच शक्तीचा, त्याच्याहून वाईट एक जण उभा करायचा. जोकरला कोणी असं सोडवलं नाही. त्याने जे केलं ते त्यानेच केलं.

आणखी एक. मी शाळेत चित्रकला शिकवते. मुलांना आवडतं पात्र काढायला सांगितलं की व्हेनम हमखास येतो: तो जबडा, ती जीभ, पांढरे तिरके डोळे. १९८८ मध्ये टॉड मॅकफार्लेन यांनी काढलेल्या रूपाची आणि पुढे एरिक लार्सन यांनी दिलेल्या लांब जिभेची ही पुण्याई. चित्रपटातल्या व्हेनमच्या छातीवर पांढरा कोळी नाही, आणि ते बरोबरच आहे. कॉमिक्समध्ये तो परका जीव आधी स्पायडरमॅनचा काळा पोशाख होता, त्याने टाकून दिल्यावर एडीकडे आला, म्हणून खूण राहिली. इथे स्पायडरमॅन भेटलेलाच नाही. पण माझी मुलं न सांगता तो कोळी काढतात. एकीला विचारलं, चित्रपटात आहे का गं? म्हणाली, नाही बाई, पण असायला पाहिजे. मी तिला पूर्ण गुण दिले.

पाच्छापेठ_अण्णा

बाई, तुमच्या विद्यार्थिनीने माझं सगळं लांबण एका वाक्यात सांगितलं.

‘जोकर’चं बरोबर आहे, पण तिथेही समोर कोणीतरी आहेच. टीव्हीवर बोलावून त्याची चेष्टा करणारा निवेदक आहे, श्रीमंत थॉमस वेन आहे, अख्खं गॉथम शहर आहे. त्याला दुखावणारे लोक आपल्याला दिसतात. मी ‘नायक’ म्हणालो ते अपुरं पडलं असेल, समोरचा माणूस पाहिजे. आणि तुमचं पापाचं म्हणणं मला पूर्ण पटलं. रामाराव यांनीही दुर्योधनाचा मान राखला, पण त्याला धुऊन स्वच्छ केलं नाही.

‘मॉर्बियस’बद्दल एक राहिलं. २०२० मध्ये त्याची पहिली झलक आली, त्यात भिंतीवर स्पायडरमॅनचं चित्र आणि त्यावर ‘खुनी’ असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. आम्ही केवढे हरखलो होतो! करोनामुळे चित्रपट लांबत लांबत एप्रिल २०२२ मध्ये आला आणि त्यात ती भिंतच नाही. उलट शेवटी मायकेल कीटनचा व्हल्चर, स्पायडरमॅनचा आणखी एक खलनायक, दुसऱ्या विश्वातून तुरुंगाच्या कोठडीत येऊन पडतो आणि मॉर्बियसला म्हणतो, आपण एकत्र यायला हवं. कशासाठी, ते आजपर्यंत कळलेलं नाही. प्रेक्षकाला असं दारापर्यंत नेऊन दार लावून घेणं मला अजिबात आवडलं नाही.

होममैदान_सोलापूर

अण्णा, बाई, दादा, खूप आभार. आता असं ठरवलंय. आधी २००४चा सॅम रेमीचा ‘स्पायडरमॅन २’ पुन्हा एकदा, कारण डॉक्टर ऑक्टोपस तिथे आहे आणि खलनायकावर माया करूनही नायक समोर कसा ठेवायचा ते त्यात स्पष्ट दिसतं. मग पहिला ‘व्हेनम’. आवडला तर ‘कार्नेज’, तो दीड तासाच्या थोडासाच वर आहे. ‘मॉर्बियस’ त्याने मागितला तरच. ‘क्रेव्हन’ आत्ता नाही, रक्तपात फार आहे आणि मावशी मला सोडणार नाही. ‘मॅडम वेब’मधला बाळाच्या नावाचा प्रसंग तेवढा दाखवून त्याला विचारणार आहे, हे बाळ कोण ते ओळख. संध्याकाळी गड्ड्यावर न्यायचंय, त्यामुळे बघणं सगळं दुपारी.

हिंदीत दाखवू की इंग्रजीत?

विजापूरवेस

हिंदीत कळायला सोपं जाईल. पण अण्णांनी सांगितलेलं ते एकाच नटाचे दोन आवाज ऐकवायचे असतील तर ‘व्हेनम’ इंग्रजीतच लाव, खाली अक्षरं चालू ठेव. नववीतला आहे, वाचेल.

आणि ‘कार्नेज’ संपला म्हणून बंद करू नका. श्रेयनामावली सुरू झाल्यावर एक प्रसंग आहे, एडी हॉटेलच्या खोलीत असतो आणि सगळं बदलतं. त्याचा पुढचा तुकडा मार्व्हलच्या २०२१च्या ‘नो वे होम’मध्ये, तिथेही श्रेयनामावलीतच आहे. ते दोन तुकडे एकापाठोपाठ लाव. व्हेनम आणि स्पायडरमॅन भेटता भेटता कसे राहिले ते त्याला तिथे दिसेल.