मदत हवी आहे: कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीचं आयडलिंग टिकत नाही, व्हॅक्यूम कमी दाखवतोय

नमस्कार मंडळी,

गाडी १९९६ची. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्ब्युरेटरवाली, एसी नाही. मी गुहागरला असतो. आईला डॉक्टरकडे चिपळूणला न्यायचं तर हीच गाडी, म्हणून ती भरवशाची हवी.

सकाळी चोक (जास्त पेट्रोल सोडणारी कळ) ओढून चालू केली की छान चालते. गरम झाल्यावर चोक आत ढकलला की आयडलिंगची (गाडी उभी असतानाची) रेस खाली-वर व्हायला लागते आणि थांबलो की इंजिन बंद. शृंगारतळीच्या बाजारात आणि बहादूरशेख नाक्यावर तर हमखास. पळताना तक्रार नाही, चढालाही जोर ठीक आहे. आयडलचा स्क्रू आवळला तर बंद पडत नाही, पण मग इंजिन विनाकारण ओरडत राहतं. तो उपाय मला नको.

खरी काळजी उताराची आहे. वळणावर क्लच दाबला आणि इंजिन बंद पडलं, तर ब्रेकच्या बूस्टरचा (इंजिनच्या ओढीवर ब्रेकला मदत करणारा डबा) जोर एकदोनदा दाबण्यापुरताच उरतो, मग पेडल घट्ट होतं. आई शेजारी बसलेली असताना हे नको वाटतं.

प्लग नवे टाकलेत, पॉइंटचा (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांचा) गॅप लावून घेतलाय, एअर फिल्टर बदललाय. कार्ब्युरेटर उघडून स्लो जेट (आयडलिंगचं पेट्रोल देणारं बारीक छिद्र) हवा मारून साफ केला, थोडे दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. गॅरेजवाले म्हणतात कार्ब्युरेटरच नवा टाका. पण कारण कळल्याशिवाय मला तो बदलायचा नाही.

कराडला मामेभावाकडे व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती ओढतंय ते पाऱ्याच्या इंचात दाखवणारा) आहे. स्क्रूने रेस जेमतेम टिकेल इतकी धरून तिथे लावला, तर गरम इंजिनला १४ इंच आले. कराड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, हजार फुटांना एक इंच कमी धरला तर तिथे १६-१७ तरी हवे होते. गेज घरी घेऊन आलो. इथे समुद्राच्या पातळीवर १८ ते २१ अपेक्षित, येतात १५-१६. सुई थरथरत नाही, एका जागी थांबते. त्यामुळे व्हॉल्व्हचा दोष नसावा, कुठून तरी जास्तीची हवा ओढतेय असं माझं मत झालंय. गरम असताना चोक किंचित ओढला की आयडलिंग लगेच सुधारतं, तेही त्याच बाजूने बोलतं.

बूस्टरचा पाइप चिमट्याने दाबून पाहिला, सुई अर्धा इंच वर गेली, तेवढंच, म्हणजे मोठी गळती तिथे नाही. खाऱ्या हवेने बारीक रबरी पाइप टोकाला चिरले होते, ते बदलले. आता कार्ब्युरेटरखालचं पॅकिंग, मॅनिफोल्डचं (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीचं) पॅकिंग आणि थ्रॉटलचा शाफ्ट (कार्ब्युरेटरमधल्या हवेच्या झडपेचा दांडा) उरले. आधी काय बघू? आणि हल्लीच्या ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलने मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, त्यानेच गेज इतका खाली येईल का?

प्रतिसाद

दादा, कुडाळला जुन्या गाड्यांचंच काम करतो. ई-२०ने मिश्रण पातळ होतं हे खरं, पण एवढी घट एकट्या त्याने होईल असं वाटत नाही. थंडीत चोकचं जास्तीचं पेट्रोल गळतीची हवा झाकून टाकतं, म्हणून त्रास गरम झाल्यावरच दिसतो. रेस वाढली की आत जाणाऱ्या एकूण हवेत ती गळती किरकोळ ठरते, म्हणून पळताना जाणवत नाही.

कार्ब्युरेटरखालच्या पॅकिंगपासून सुरू करा. नट इंजिन थंड असताना, आळीपाळीने समोरासमोरचे आणि बेताने आवळा. जोर लावला तर बूड वाकतं आणि गळती वाढते. मग इंजिन चालू ठेवून सांध्यांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. रेस बदलली, तीच जागा. पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारून शोधू नका, तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर पेट घेतं. डिस्ट्रिब्युटर आणि वायरींवर पाणी जाऊ देऊ नका.

थ्रॉटलच्या शाफ्टचं टोक बोटाने बाजूला दाबून बघा. आयडलिंग बदललं तर बूश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्या) झिजलेत, आणि मग मात्र गॅरेजवाल्यांचं म्हणणं चुकीचं नाही. डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम पाइप काढून तोंडाने हवा ओढा. ओढ टिकली नाही तर त्याचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) फाटलाय, हवा तिथूनच जातेय.

यातलं काहीच निघालं नाही तर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) टायमिंग लाइटने बघा. टायमिंग मागे पडलं तरी सुई अशीच स्थिर आणि खाली राहते. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही सरकतं. गॅप लावल्यावर ते कोणी तपासलं होतं का?

धागाकर्ता

नाही, टायमिंग कोणी बघितलं नाही. आधी पॅकिंग आणि डायफ्राम बघतो, मग चिपळूणला लाइट लावून घेतो. तोवर आईला एसटीनेच नेईन. गेजचा आकडा इथेच कळवतो.